दाराखालच्या पत्र्यासाठी आभार

वडिलांची १९६८ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी) यंदा पावसाळ्याआधी पुन्हा चाकांवर उभी राहिली. ज्यांच्यामुळे राहिली, त्यांची नावंही मला धड ठाऊक नाहीत.

दाराखालचा पत्रा वरून चकचकीत होता. वागळे इस्टेटमधल्या एका डेंटरकाकांनी सहज खिशातलं चुंबक टेकवलं. चिकटेना. "पोरा, इथे पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय." खरवडलं तर दोन बोटं आत गेली. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. दाराखालची तीन पत्र्यांची पेटीच भार पेलते. पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली, त्यामुळे गंज आतून खात बाहेर आला होता. ठाण्याच्या खाडीची हवा मदतीला होतीच.

सडका पत्रा कापायला मी थेट ग्राइंडर लावायला निघालो होतो. काकांनी हात धरला. आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड कर, नाहीतर गाडी मधून वाकेल नि दार जन्मात लागणार नाही. एका वेळी एकच बाजू. पेट्रोलची टाकी उतरव, बॅटरी सोडव. (सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, हे मी विसरलोच होतो.) पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा.

पाच रविवार ग्राइंडरचा कर्कश आवाज सोसणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर वर कांदेपोहे पाठवले! आणि ठिणग्या पाहून पाण्याची बादली घेऊन बसलेल्या वॉचमनदादांचे विशेष. ती बादली एकदा लागली.