क्रिल किती पकडता, त्याआधी कुठे पकडता ते विचारा

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

अंटार्क्टिकचा क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ. लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर, पण पेंग्विन, सील आणि निळा देवमासा यांचं पोट त्याच्यावर चालतं. हिवाळ्यात मोठा क्रिल अंग आकसून महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पिल्लांना ते झेपत नाही. समुद्रावरच्या बर्फाला खालून जे शेवाळ धरतं, ते खरवडून ती तग धरतात. बर्फ उशिरा गोठला किंवा लवकर फुटला, की पुढच्या हंगामात लहान क्रिल कमी दिसतो. नैऋत्य अटलांटिकमधल्या सुमारे ९० वर्षांच्या नोंदींत त्याची वस्ती ४४० किलोमीटर दक्षिणेला सरकलेली आढळली. त्याच्याही दक्षिणेला खंडच आहे, आणखी सरकणार कुठे?

याच भागात क्रिल पकडण्याची मर्यादा वर्षाला ६,२०,००० टन आहे. एकूण साठ्याच्या मानाने हा आकडा लहान, हे मासेमारी कंपन्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण जहाजं सगळ्या समुद्रात पसरत नाहीत. जिथे थवे दाट, तिथेच, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्पालगत, जाळी पडतात. आणि पेंग्विनही तिथेच खाणं शोधतात. म्हणून ही मर्यादा भागवार वाटलेली होती. द्वीपकल्पाच्या वाट्याला १,५५,००० टन. अंटार्क्टिकच्या सागरी जीवांचं रक्षण पाहणारा आंतरराष्ट्रीय आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरतो. २०२४ मध्ये तिथल्या बैठकीत वाटणी पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं नाही आणि ती संपली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, पूर्ण मर्यादा गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. असं पहिल्यांदाच घडलं. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर मत्स्यशेतीचं खाद्य आणि तेलाच्या कॅप्सूल!

होबार्टच्या या आयोगात निर्णय एकमताने होतात. त्यामुळे एखादा देश प्रस्ताव अडवू शकतो, हे आपण पाहतोच आहोत. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं व्हावीत म्हणून भारत २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या प्रस्तावाचा सहप्रस्तावक झाला. तो पाठिंबा आम्हाला आवडला, पण प्रस्ताव अजून अडलेलाच आहे.

होबार्टच्या पुढच्या बैठकीत भागवार वाटणी परत आणण्याची मागणी भारताने लेखी मांडावी आणि ती इथे जाहीरही करावी. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून अंटार्क्टिक मोहिमा निघतात, तेव्हा हा विषय आमच्या दारातलाच आहे. भारतीय जहाजं आज तिथे क्रिल पकडत नाहीत, म्हणून बोलायला संकोच नको. उद्या पकडायचा विचार असेल, तर तोही आत्ताच सांगून टाका.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक, वास्को