माझगावच्या अंकलना, चौथ्या सीटवरून

प्रिय अंकल,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवेल, या भरवशावर हे उघड पत्र लिहिते आहे. समोर बसून आभार मानायला लागले, तर तुम्ही हात झटकून "चहा घे गो बाय" म्हणाल आणि विषय तिथंच संपेल.

तर, कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चौघांनी 'जावा जाइव्ह' म्हटलं. मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी उभं राहून कॉफीचं गाणं! पण म्हटलं शेवटपर्यंत, चार वेगवेगळ्या सुरांत, आणि कुणी कुणाच्या अंगावर जाऊन आदळलं नाही. खाली उतरताना तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काहीतरी वेगळंच होतं तुमचं, पण गोड होतं." मला एवढी दाद पुरे. गुडघ्यामुळे तुम्हाला आमचे जिने चढवले नाहीत, म्हणून मुद्दाम कळवते: मधल्या ओळीतली ती जागा सुटली नाही.

आता थोडं मनातलं. तुमच्याकडे हार्मनी, म्हणजे एकाच गाण्यात वेगवेगळे सूर एकत्र गाणं, शिकायला येण्याआधी मी आणखी दोन दारं ठोठावली होती. उपनगरातल्या एका नावाजलेल्या क्लासनं अख्ख्या टर्मची फी आधी घेतली, हातात नोटेशनची झेरॉक्स ठेवली आणि लगेचच सांगून टाकलं की शास्त्रीय शिकलेल्या माणसाच्या कानात हार्मनी शिरत नाही, तुम्ही आपली भजनं म्हणा. फी परत मिळत नाही, हेही त्याच दमात. दुसरीकडे आमच्याच बाजूचे, शास्त्रीय गाण्यातले एक जाणकार. "चौघं चार सुरांत गातात म्हणजे तिघं बेसूर," असा त्यांनी विनोद केला आणि समोरच्या मंडळींनी टाळ्या दिल्या. एकानंही मला एक ओळ गाऊन दाखवायला सांगितली नाही. हे तेव्हा लागलं होतं आणि खरं सांगायचं तर अजूनही लागतं. फीचे पैसे तर लागतातच.

तुम्ही पहिल्या दिवशी मला काही विचारलंच नाहीत. उठून पंखा बंद केलात. "हा स्वतःचा सूर लावतो, मध्ये मध्ये करतो," म्हणालात. मग टेपमध्ये कॅसेट सरकवलीत आणि प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर एका बोटानं ठेका धरलात. एप्रिलचा महिना, माझगावचा घाम, आणि त्यात ते चार आवाज: द मॅनहॅटन ट्रान्सफर, अमेरिकेतला चौघांचा गाणारा ग्रुप.

गाणं संपल्यावर तुम्ही हा ग्रुप उभा करणाऱ्या टिम हाउझरच्या टॅक्सीची गोष्ट सांगितलीत. नंतर इतक्यांदा सांगितलीत की तुमच्या घरातले ती सुरू झाली की स्वयंपाकघरात जातात. मला मात्र ती दर वेळी आवडते. याच नावाचा त्याचा पहिला ग्रुप एक रेकॉर्ड काढून मोडला होता, आणि 1972 साली हा गडी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवत होता. मागच्या सीटवर एक वेट्रेस येऊन बसली. गायिका व्हायचं होतं तिला. ती लॉरेल मासे. पुढे काही आठवड्यांनी कोंगा नावाचा ढोल वाजवणारा एक जण टॅक्सीत बसला, त्यानं टिमला एका पार्टीला नेलं आणि तिथं जॅनिस सीगल भेटली. अ‍ॅलन पॉल तेव्हा ब्रॉडवेवर 'ग्रीस' या संगीत नाटकात काम करत होता, तो चौथा. त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला ग्रुप उभा राहिला. नाव जॉन डॉस पॅसोसच्या 1925 च्या कादंबरीचं, आणि कादंबरीला ते मिळालं न्यू जर्सीतल्या एका स्टेशनावरून. त्या स्टेशनाला बाहेर पडायला रस्ताच नव्हता. लोक यायचे, गाडी बदलायचे, जायचे. तुम्ही रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे इथं तुमचा आवाज नेहमी जरा चढतो.

क्लोज हार्मनी म्हणजे काय, हे मला कुठल्याच झेरॉक्सनं सांगितलं नव्हतं. तुम्ही लोकलच्या चौथ्या सीटवरून सांगितलंत. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा प्रत्येक जण थोडा सरकतो, चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो, आणि खांद्याला खांदा लागलेला असताना कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही. चारही सूर एकाच सप्तकात असे दाटीनं बसवायचे. वरच्या आवाजाला चाल मिळते, म्हणून त्याचं कौतुक होतं. खालच्याला पाया मिळतो, म्हणून त्याचा मान राहतो. मधल्या दोघांना काय मिळतं? एकाच सुरावर तीन-तीन मात्रा बसून राहणं, मग अर्ध्या सुरानं खाली, परत वर. एकटं गायलं तर त्या ओळीला गाणं म्हणवत नाही. पण ती काढून घ्या, सगळं पोकळ होतं.

माझ्या वाट्याला हीच ओळ आली. आणि माझा कान वर्षानुवर्षं तानपुऱ्यात वाढलेला, त्याला षड्ज सापडला की तो घरी पोचतो. शेजारी कुणी मुख्य चाल गाऊ लागलं की माझा आवाज आपोआप तिकडं ओढला जायचा. 'जावा जाइव्ह'च्या मधल्या ओळीत तर माझा सूर आणि चाल यांच्यात एवढंसंच अंतर आहे, दोन सूर एकमेकांना घासतात. तिथं हमखास पाय घसरायचा.

एका रविवारी तुम्ही वरची चाल गात होतात आणि मी माझी ओळ. ती जागा आली, माझा आवाज हलायला लागला. तेवढ्यात तुम्ही तुमची चाल सोडलीत आणि माझ्या सुरावर आलात. थांबला नाहीत, भुवई उचलली नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाहीत. टेबलावरचं बोट चालूच होतं. चार मात्रा माझ्याबरोबर माझाच सूर गायलात, आणि तो पक्का बसला असं वाटल्यावर मला तिथं ठेवून आपल्या चालीवर परत गेलात. गाणं पुढं चाललं. ते संपल्यावर तुम्ही म्हणालात एवढंच, "आज पाव मऊ मिळालाय."

अंकल, मी ज्या शिस्तीत शिकले तिथं चुकलं की गुरुजी हात वर करतात, गाणं थांबतं, ती जागा पुन्हा पुन्हा घोटायची. त्या शिस्तीबद्दल माझी तक्रार नाही. माझा गळा तिनंच घडवला. पण कुणी आपला सूर सोडून माझ्या सुरावर यावं, तेही मला कळायच्या आत, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. घरी येताना भायखळ्याच्या पुलावर मला रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" काय सांगणार तिला?

त्यानंतर तुमच्या कॅसेटी मी वेगळ्या कानानं ऐकू लागले. चाल ऐकायची सोडली आणि मधला आवाज शोधायचा नाद लागला. 1975 ची अटलांटिक कंपनीची ती रेकॉर्ड, जिच्यात आपलं 'जावा जाइव्ह' आहे, तिच्यावर अमेरिकेत 'ऑपरेटर' चाललं, उन्हाळ्यात सीबीएसवर त्यांचा टीव्ही शोही झाला. तरी 1977 मध्ये पहिला नंबर मिळाला तो इंग्लंडात, 'शॉन्सों दामूर'ला. त्या गाण्यातल्या लाडिक 'रा-दा-दा'ला तुम्ही नाक मुरडता. मला ते आवडतं, आणि या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

1978 मध्ये लॉरेलला मोटार अपघात झाला, आणि ती पुन्हा ग्रुपमध्ये आली नाही. 1979 मध्ये तिच्या जागी शेरिल बेंटीन आली. चालत्या बाकावर नवीन माणूस! सात वर्षं एकमेकांचा श्वास ओळखणारे तिघं, आणि त्यांच्यात ही. सगळ्या बाकाचंच वजन बदललं असणार. पण त्याच वर्षी 'एक्स्टेन्शन्स' ही रेकॉर्ड आली आणि तिच्यात 'बर्डलँड'. वेदर रिपोर्ट या जॅझ बँडच्या जो झाविनुलची वाद्यांसाठी बांधलेली रचना, तिच्यावर जॅझ गायक जॉन हेन्ड्रिक्सचे शब्द, आवाजांची मांडणी जॅनिसची. 1981 मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं आणि जॅनिसला मांडणीचं वेगळं. पुढच्याच वर्षी एकाच समारंभात पॉपचंही ग्रॅमी आणि जॅझचंही, जे त्याआधी कुठल्याच ग्रुपला जमलं नव्हतं. शुद्ध जॅझवाले तेव्हा यांना चकचकीत म्हणायचे, असं तुम्ही सांगता. म्हणेनात का! त्याच वर्षी यांच्यासाठी जीन प्युअरलिंगनं केलेल्या मांडणीलाही ग्रॅमी मिळालं, बर्कली स्क्वेअरच्या नाइटिंगेलच्या गाण्यासाठी. एक वाद्य नाही, चार गळे फक्त. ते ऐकून चकचकीत म्हणणाऱ्याला मी आपल्या रविवारच्या तालमीला बोलावीन आणि मधला आवाज देईन.

'व्होकलीज' ही त्यांची रेकॉर्ड तर तुम्ही मला पुरवून पुरवून ऐकवलीत, सणाच्या करंज्यांसारखी राखून. 1985 ची. वाद्यांवर वाजवलेल्या जुन्या जॅझ रचना, त्यातल्या सोलोंसकट, आणि त्यांतल्या एकेका सुराला हेन्ड्रिक्सनं शब्द दिलेले. ग्रॅमीची बारा नामांकनं. एका गाण्यात तर फोर फ्रेशमेन त्यांच्यासोबत गायलेत, म्हणजे या लोकांच्या आधीच्या पिढीतला ग्रुप. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना आपल्या रेकॉर्डवर जागा करून देणं, हे सगळ्यांना सुचत नाही.

हेन्ड्रिक्सची ती जुनी हकिकतही तुमच्याकडूनच कळली. पन्नासच्या दशकात त्यानं आणि डेव्ह लॅम्बर्टनं काउंट बेसीच्या बँडच्या रचना गाऊन रेकॉर्ड करायचं ठरवलं, त्यासाठी गाणाऱ्यांचा ताफा बोलावला. सगळे तयारीचे, कागद बघून गाणारे. सूर अचूक, पण स्विंग, जॅझचा तो झुलता ठेका, येईना. शेवटी त्या दोघांनी आणि अ‍ॅनी रॉसनं, तिघांनीच, एकावर एक थर चढवत सगळे आवाज गाऊन काढले. हे सांगून तुम्ही माझ्या हातातला नोटेशनचा कागद काढून घेतलात आणि त्यावर बशी ठेवलीत. त्या क्लासच्या झेरॉक्सला तेवढाच उपयोग सापडला.

टिम हाउझर 16 ऑक्टोबर 2014 ला गेला. ज्यानं बाक आणला तोच उठला, तरी उरलेले तिघं उठून गेले नाहीत. ट्रिस्ट कर्लेस आला, खालचा आवाज त्यानं धरला, आणि ते पुढं नऊ वर्षं गात राहिले. पन्नाशी गाठली. 15 डिसेंबर 2023 ला लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम करून थांबले. एक्कावन्न वर्षांत एक जण अपघातानंतर बाहेर पडली, एक मृत्यूनं गेला, आणि दोन्ही वेळा नव्या माणसासाठी बाकीचे सरकले. ग्रॅमीचे आकडे मला पाठ झालेत, पण मला जास्त नवल या सरकण्याचं वाटतं. नव्या माणसाचा सूर हलला असेल तेव्हा कुणीतरी आपला सोडून त्याच्याजवळ गेलंच असेल ना? नाहीतर कसं जमेल हे?

तुमच्यासारखी माणसं या शहरात आहेत, मला अधूनमधून भेटतात. ओपीडीच्या रांगेत म्हाताऱ्या बाईला आपला नंबर देऊन स्वतः पुन्हा शेवटी जाऊन उभा राहणारा मुलगा. बँकेत आजोबांचा फॉर्म भरून देताना त्यांना अडाणी वाटणार नाही अशा बेतानं प्रश्न विचारणारी कारकून. मदत केल्याचं समोरच्याला कळूसुद्धा न देणं, याला फार मोठा कान लागतो. आमच्या घराण्यांच्या गप्पांत मी असा कान क्वचितच पाहिला, आणि फी आगाऊ घेणाऱ्या क्लासात तर नाहीच. तुम्ही चर्चच्या कॉयरमध्ये पोरवयापासून खालचा आवाज गात आलात, मागच्या रांगेत, खांबाच्या आड. कदाचित तिथंच हे शिकलात. विचारलं तर उडवून लावाल, म्हणून विचारत नाही.

तुमचे आभार आमच्या चौघांकडूनही आहेत. भाची म्हणते, अंकलनी मावशीला सुधारलं. तिचा नवरा म्हणतो, अंकलनी आमचे कान वाचवले. आमच्या ऑफिसातला मित्र काहीच म्हणत नाही, तो बेस गातो.

आता पुढचं. नाताळात तुमच्याकडे जमायचं ठरलंय, तेव्हा तुम्ही उतरवून दिलेलं दुसरं गाणं म्हणायचा विचार आहे. त्यात पाचव्या ओळीला माझा सूर पुन्हा चालीला घासतो, मी बघून ठेवलंय. या वेळी माझ्या सुरावर येऊ नका, मला एकटीला लावून बघायचाय. आणि 'व्होकलीज'ची कॅसेट माझ्याकडेच आहे, इतक्यात मागू नका. पट्टी एका जागी चुरगळलेली होती ती पेन्सिलनं फिरवून सरळ केली आहे, वाजते नीट.

तुमची,
मधला आवाज