बस्त्याची गाडी आणि बाजाराचा रस्ता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावी मुख्य बाजारातून दिवसा चारचाकी बंद करण्याचा विषय निघाला की व्यापारी बांधव एकच हरकत घेतात : लग्नाचा बस्ता फाडायला जीप करून येणारी मंडळी जिल्ह्याच्या ठिकाणी वळतील आणि कापडाचा धंदा बसेल. ही भीती पोकळ नाही, कारण लगीनसराईवरच अनेकांचे वर्ष निघते. परंतु बस्त्याची गाडी दुकानापुढे चार-पाच तास उभी राहते, तेवढ्यात एसटीने किंवा ऑटोने आलेल्या किती गिऱ्हाइकांना शेजारच्या दुकानाची पायरीसुद्धा दिसत नाही, याचा हिशेब कोणी मांडत नाही. (रोज सकाळपासून उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या तर दुकानदारांच्याच असतात.)

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्लॉस्टर रोडवरच्या दुकानदारांना ४१ टक्के ग्राहक मोटारीने येतात असे वाटत होते; पाहणीत ते २२ टक्केच निघाले. कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये मोटारींना बंद झाला, तेव्हा थंडीत पायी कोण फिरणार, असे म्हणत तेथील व्यापाऱ्यांनीही विरोध केला होता. आज तो शहरातील गजबजलेला बाजार आहे. आमच्याकडे थंडीऐवजी ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात असताना सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यांची सोय न करता नुसता अडथळा उभारला, तर व्यापाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरेल.

दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे. ते वेळापत्रक येथे चालणार नाही, कारण खताची पोती आणि ढेप नेणारा शेतकरी सकाळी येतो व संध्याकाळच्या एसटीने परततो. म्हणून बंदी ११ ते ५ अशी असावी, ऑटो आणि बैलबंडीला मोकळीक द्यावी, आणि जीप उभ्या करण्यास बसस्थानकाजवळची मोकळी जागा नेमून द्यावी.

दिवाळीच्या आठवड्यात याच रस्त्यावर बांबू आडवे बांधून गाड्या अडवल्या जातात. सणाची खरेदी वेगळी, हे मान्य. तरी त्या दिवसांत गल्ला आटल्याची तक्रार मी एकाही दुकानदाराकडून ऐकलेली नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ