नारिंगातला ‘न’ कुठे गळाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘ऑरेंज’ या शब्दावरची चौकट वाचली. इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’ म्हणता म्हणता ‘ॲन ऑरेंज’ केले आणि ‘न’ घालवला, असे तीत म्हटले आहे. गोष्ट झकास आहे, पण आळ भलत्यावरच आला आहे. ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ इंग्रजांनीच केला, हे खरे. नारिंगाचा ‘न’ मात्र त्यांच्या हाती लागलाच नव्हता. फ्रेंचांकडून त्यांनी शब्द उचलला, तेव्हाच तो ‘न’शिवाय होता. तो गळाला इटली-फ्रान्सच्या वाटेवर. इटालियनमधल्या ‘उना नारांचा’चे ‘उन आरांचा’ झाले. फ्रेंचमध्ये ‘ओर’ म्हणजे सोने, त्यामुळे तिथे सुरुवातीचा ‘ओ’ पक्का झाला असे मानतात.

आपला ‘नारंग’ (त्याचेही मूळ बहुधा द्राविडी, तमिळमध्ये ‘नारत्तै’ आहेच) फारसीतून अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर स्पेनला पोचला. तिथे ‘नारान्हा’त ‘न’ अजून शाबूत आहे. पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ करून ‘लारांजा’ केले.

हे सगळे आंबट-कडू नारिंगाबद्दल. गोड फळ युरोपात रुळले ते नंतर, मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे. ते मूळचे चीनकडचे, म्हणून डच त्याला ‘सिनासआपेल’, म्हणजे चिनी सफरचंद, म्हणतात. रशियन ‘अपेलसिन’ही त्यातलेच. ग्रीकांनी तर दोन्ही नावे ठेवली: कडू ते ‘नेरांझी’, गोड ते ‘पोर्तोकाली’. रुमानियन, बल्गेरियन, अगदी अरबीतही गोड फळाला पोर्तुगालचेच नाव आहे. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र ‘लारांजा’च!

आणखी एक. डच राजघराण्याचे ‘ऑरेंज’ फळावरून आलेले नाही. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावाचे रोमन काळातले नाव ‘आरौसिओ’. तिथली जहागीर 1544 मध्ये या घराण्याचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या विल्यमकडे वारशाने आली. नावे सारखी झाल्यावर रंग चिकटला. इंग्रजीत तर रंगाला हे नाव सोळाव्या शतकात मिळाले. म्हणून नारिंगी छातीचा रॉबिन पक्षी तिथे आजही ‘रेडब्रेस्ट’ म्हणवतो.

आम्ही नागपूरकर फळाला संत्रे म्हणतो, पण साडीचा रंग सांगायचा झाला की नारिंगीच. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर