पालिकेच्या अर्थसंकल्पात रोजचा खर्च आधी मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि चोपडा, अमळनेरपासून शिरपूर, शहाद्यापर्यंत खान्देशातल्या पालिकांमध्ये प्रशासकांच्या जागी पुन्हा लोकनियुक्त मंडळी आली. थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष आणि बरेच नवे, तरुण नगरसेवक. त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र आता त्यांच्यापुढे अर्थसंकल्प आहे. कर विभागात वसुलीचे काम करून निवृत्त झालेला कर्मचारी म्हणून त्याविषयी काही लिहावेसे वाटते.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी काँक्रीटचा रस्ता झाला. चांगला झाला. पण ठेकेदाराने पाण्याच्या व्हॉल्व्हचे चेंबरच त्याखाली गाडून टाकले. महिनाभरात जुनी पाइपलाइन फुटली, व्हॉल्व्ह सापडेना, आणि वॉलमन हातात चावी घेऊन नव्या रस्त्यावर ठोकून ठोकून आवाजावरून जागा शोधत होता. शेवटी ब्रेकर आणून रस्ता फोडला. तो खड्डा आजही मुरमाने भरलेला आहे, कारण रस्ता ज्या योजनेतून झाला तिचे पैसे संपले आणि दुरुस्तीला पालिकेच्या तिजोरीत काही नाही.

असे का होते, ते पैसा कुठून येतो हे पाहिल्यावर कळते. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामे, दलितेतर वस्ती सुधार, अमृत २.० अशा सरकारी योजनांचा हा सगळा निधी ठरलेल्या बांधकामांसाठी येतो. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानातही ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. राज्याकडून मिळणारे सहायक अनुदान पगार आणि निवृत्तिवेतनातच बहुतांशी जाते. मग तुरटी, ब्लिचिंग, जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग, पंपांचे आणि पथदिव्यांचे वीजबिल, गटार काढणाऱ्या माणसांची मजुरी यांना पैसा उरतो तो फक्त घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्याचा. तोच सर्वांत तोकडा. म्हणून जलकुंभ नवा कोरा उभा राहतो आणि बायाबापड्या मात्र विचारत असतात, "नळ कव्हय येतीन, भाऊ?"

पूर्वी पालिकेला जकात होती. गावाच्या वेशीवर नाका असायचा, जिनिंगला येणाऱ्या कापसापासून किराणा मालापर्यंत सगळ्यावर ती लागायची. त्रासदायक होती, गैरप्रकारही होते, पण पैसा रोज हातात पडायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तेव्हापासून पालिका मंत्रालयाकडे डोळे लावून बसल्या. अनुदान वेळेवर आले तर पगार वेळेवर.

उरला मालमत्ता कर. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. मिळकतीला वर्षाकाठी किती भाडे येईल ते ठरवायचे, दुरुस्तीसाठी त्यातून १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर बसवायचा, अशी साधी रीत आहे. प्रत्यक्षात निवडणूक जवळ आली की फेरआकारणी पुढे ढकलली जाते. मी वसुलीला फिरायचो तेव्हा रजिस्टरला 'पत्र्याचे घर' लिहिलेल्या जागी दोन मजली दुकाने दिसायची, खाली तीन शटर, वर लॉज. त्याच गल्लीतल्या विधवा बाईच्या दोन खोल्यांची आकारणी मात्र अगदी बरोबर, आणि पैसे पहिल्या हप्त्यालाच भरलेले. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते खरी, पण मोठा थकबाकीदार अभय योजनेची वाट पाहतो, शास्ती माफ करून घेतो, आणि वेळेवर भरणाऱ्याला वाटते की आपणच चुकलो. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

लोकांच्या मनातला एक गैरसमजही दूर व्हायला हवा. बिलावरची सगळी रक्कम पालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका शासनासाठी गोळा करते. बिलावर हे वेगळे छापलेले असते, पण ते कोणी समजावून सांगत नाही.

कर्ज काढून मोठी कामे करण्याचा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेच्या कर्जाने जळगावला किती वर्षे जेरीस आणले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या गावाची घरपट्टी वसूल होत नाही, त्याने हप्त्याच्या वाटेला जाऊच नये.

माझी नव्या नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना विनंती आहे. अर्थसंकल्प सभेत घाईघाईने मंजूर करू नका. आधी पालिकेचे स्वतःचे उत्पन्न किती आणि गाव वर्षभर चालवायला रोजचा खर्च किती, हे एका पानावर मांडून प्रत्येक प्रभागात वाचून दाखवा. क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, ती याच कामासाठी वापरा. सरसकट दर वाढवू नका, त्याने पहिल्यापासून भरणाराच पुन्हा दबेल. आधी रेंगाळलेली फेरआकारणी करा, प्रत्येक मिळकतीचे मोजमाप घ्या, हरकती ऐका. कोणताही नवा रस्ता करण्यापूर्वी पाणीपुरवठा विभागाची सही घ्या आणि चेंबर वर उचलल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नका. आणि मोठ्या थकबाकीदारांची यादी, त्यात शासकीय कार्यालये असतील तर त्यांच्यासह, ३१ मार्चपूर्वी पालिकेच्या दारावर लावा.

आपला,
एक निवृत्त पालिका कर्मचारी,
जि. जळगाव