नाळेवरचं जुनं नाव

हर्णै,
२४ मे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

होडीचे फोटो काल आईने दाखवले. चांगली मिळाली रे तुला, फायबर कुठे तडकलेलं दिसलं नाही. दोन्ही अंगांना जुन्या मालकाचे स्टिकर मात्र पुष्कळ आहेत, आणि ते तू रविवारी पटाशीने खरवडणार म्हणे. म्हणून लगेच लिहायला बसलो. पटाशी लावू नकोस.

फायबरवरचा चकचकीत थर, जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. पाणी तोच अडवतो. आपल्या पहिल्या होडीला पाण्याच्या रेषेजवळ मी घाईघाईत लोखंडी पट्टी चालवली होती. वरून चारच ओरखडे दिसत होते. दोन हंगामांनी तिथे फोड आले, फोडले तर आंबट वासाचं पाणी निघालं. तो भाग घासून, सुकवून, भरून घेईस्तोवर नारळी पौर्णिमा उलटली. सगळ्यांच्या होड्या समुद्रात आणि आपली वाळूवर. तू तेव्हा लहान होतास, तुला आठवणार नाही, पण मला अजून सलतं.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, होडी उन्हाने कोमट झाली की कामाला लाग. सावलीच्या अंगाला केस वाळवायचा ड्रायर धर, हात लावता येईल इतपतच तापू दे. कोपरा नखाने उचल आणि स्टिकर स्वतःवरच दुमडून, होडीला समांतर ठेवून हळूहळू ओढ. सरळ बाहेर ओढलास तर तुकडे पडतील आणि सगळा गोंद मागे राहील. अडलं तर प्लास्टिकची पट्टी, नाहीतर जुनं एटीएम कार्ड घे.

राहिलेल्या चिकट्यावर खोबरेल चोळ, अर्धा तास तसंच राहू दे, मग फडक्याने पूस. त्याने नाही निघालं तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, तेही सावलीत, आधी कुठेतरी कोपऱ्यात लावून बघून. थिनर किंवा असिटोन जेलकोटवर रेंगाळलं तर चमक जाते. शिवाय ते लगेच पेट घेतं, तेव्हा ड्रायर आधी लांब ठेव. हातमोजे घाल. मत्स्य खात्याचा नंबर रंगवलेला आहे, त्यावर यातलं काहीही जाऊ देऊ नकोस. शेवटी साबणाच्या पाण्याने दोनदा धू, तेल राहिलं तर पुढे रंगही धरणार नाही.

एवढं करूनही स्टिकरच्या जागा उठून दिसतील. ती घाण नव्हे. झाकलेला भाग उन्हापासून वाचला, बाकीचा पांढुरका पडला. रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या लेपाने, आजूबाजूचा भाग घासून मेण लावलं की बराच फरक पडेल, थोडी छाया राहिली तर राहू दे. ती घालवायला जेलकोट झिजवू नकोस.

एकच राहिलं. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मुलीचं नाव आहे, ते जुन्या मालकांच्या लेकीचं असणार. तो स्टिकर शेवटी काढ, आणि आधी त्यांना फोन कर. इतकी वर्षं त्या नावाने होडी दर्यात नेली त्यांनी. त्यांना येऊन नारळ ठेवावासा वाटला तर थांब.

पाऊस आता कधीही येईल, ३१ मेपर्यंत उरकायला हवं. मी गुरुवारी एसटीने निघतो. मेण तिकडे घेऊ नकोस, मी आणतो.

तुझे,
बाबा