सकाळी भोपळा, संध्याकाळी दोडका

वडगाव, बेळगाव

ती. अक्कांना सा. नमस्कार,

तोंडावर आभार मानले असते तर ‘असू दे गं’ म्हणत तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठला असता. आता तुम्ही धारवाडला लेकाकडे, म्हणून चारचौघांत जाहीरच लिहितेय.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि वडगावचे माग थांबले. सूत येईना, विणून झालेल्या साड्या उचलायला व्यापारी फिरकेना. आदल्याच ऑगस्टच्या पावसाने कंबर मोडली होती, त्यातून उठतोय तोवर हे. लेक कोल्हापूरला आणि मधे राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस. मागाची खटखट बंद झाल्यावर घरात ऐकू यायचा तो फक्त टीव्ही. हे दिवसभर त्याच्यासमोर, रात्री दोघांच्याही डोळ्याला डोळा नाही.

धीर द्यायला फोन पुष्कळ आले. ‘होईल सगळं नीट’ म्हणणाऱ्यांवर राग नाही, पण त्या वाक्याने भात शिजत नाही. ध्यान कर, असंही कुणी सुचवलं. डोळे मिटले की मला कर्जाचा हप्ता दिसायचा! तुम्ही मात्र तसलं काही बोलला नाहीत. आपल्या दोन घरांमधल्या गडग्यावरून, त्या दगडी कुंपणावरून, मूठभर बी दिलंत आणि दटावलंत, ‘घरामागचं परडं रिकामं का ठेवलंयस? आळी करून ठेव, वळीव पडला की टोक.’

वेल वर चढले तशी रोज सकाळी तुमची हाक. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. ‘आज मादी फूल आलं का?’

लाल भोपळ्याची नर-मादी ओळखायला तुम्हीच शिकवलंत. नर फुलाचा देठ लांबसडक, मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हळू फिरवायचा. तेही उजाडता उजाडता, कारण ऊन चढलं की फूल मिटतं, मग दुसऱ्या फुलाची वाट बघा. दोडक्याचं नेमकं उलट, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. त्यामुळे पहाटे भोपळ्यापाशी जाणं आलं आणि दिवेलागणीच्या आधी दोडक्यापाशी. संध्याकाळच्या बातम्या आपोआप चुकायला लागल्या. पुढे हेही उठले. जुन्या लाकडाच्या पट्ट्यांचा मांडव घातला आणि उरल्यासुरल्या सुताने वेल बांधले. विणकराला गाठ मारायला कोण शिकवणार! त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांचं घोरणं ऐकलं. अक्का, एरवी मला त्याचा वैताग यायचा.

गवारीवर मावा, ती बारीक कीड, पडला तेव्हा तुम्ही निपाणीच्या तंबाखूच्या काड्या धाडल्यात. रात्रभर भिजवून, गाळून, त्यात साबणाचं थोडं पाणी. वासाने डोकं उठलं, पण मावा गेला. फवारल्यावर आठवडाभर शेंगा तोडायच्या नाहीत, ही ताकीद तुम्ही सकाळ-संध्याकाळ द्यायचात. नळाचं पाणी तेव्हाही रोज नव्हतं, तांदूळ धुतलेलं अळवाला जायचं.

परड्याने कर्ज फेडलं नाही, ते आजही फेडतोय. पण सकाळी उठल्यावर जायला एक जागा होती आणि तिथे आपल्यावाचून अडणारं काहीतरी होतं. तेवढ्यावर आम्ही ते वर्ष काढलं.

2022 च्या डिसेंबरात सीमेवरून पुन्हा तापलं. दगडफेक झाली, महाराष्ट्राच्या एसट्या बंद पडल्या. तुमच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी. त्या आठवड्यातही गडग्यावर विषय निघाला तो मिरचीची पानं आकसवणाऱ्या बोकड्या रोगाचा, आणि तुम्ही सांगितलंत की आकसलेली झाडं उपटून लांब नेऊन पुर. लेकीचा फोन आला, ‘आई, तिकडे काय चाललंय?’ मी म्हटलं, मिरची उपटतेय. आधी तिला चेष्टाच वाटली.

तुमच्या घरात आता भाडेकरू आलेत. माणसं बरी आहेत, पण परड्यात फरशी घातली. मला काही ते पटलेलं नाही.

यंदा एक दोडका वेलावरच वाळू दिला. बी काढून राखेत घोळून ठेवलंय. तिथे गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत असतं तेवढं कळवा. कमी असेल तर दोडका नको, अळूचे कंद पाठवते. लेक पुढच्या आठवड्यात हुबळीला जाणार आहे, तिच्याबरोबर देईन.

तुमची,
गडग्यापलीकडची